आवाज आणि अंतर

व्याख्यानाला उभा राहिलेला वक्ता पहिल्या दोन-चार वाक्यांतच एक प्रश्न हमखास विचारतो: "मागे बसलेल्यांना ऐकू येते ना?" या प्रश्नाची गंमत अशी की, ज्यांना ऐकू येत असते तेच त्याला उत्तर देतात, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापर्यंत प्रश्नच पोहोचलेला नसतो. मग कोणीतरी ध्वनिक्षेपकाची कळ फिरवतो, कर्ण्यातून एक शीळ निघते आणि व्याख्यान सुरू होते. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली आरंभ झाला, तेव्हा ही कळ नव्हती. विजेवर चालणारे ध्वनिक्षेपक सभासंमेलनांत आले ते १९२० नंतरच्या काळात. तोवरच्या वक्त्याला कंठाच्या बळावरच शेवटची रांग गाठावी लागे. ज्याला ती गाठता येत नसे त्याची विद्वत्ता पहिल्या चार रांगांतच राही.

आज प्रश्न उलटा झाला आहे. ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत राहणाऱ्या गृहस्थाला विचारा. ऐकू येत नाही अशी त्याची तक्रार क्वचितच असेल. नको ते ऐकू येते, ही तक्रार नेहमीची. मंडप दोन गल्ल्या पलीकडे असतो आणि त्यातले ठोके आपल्या खिडकीच्या तावदानावर पडतात. हवा असलेला आवाज अंतर खाऊन टाकते आणि नको असलेला मात्र बिनदिक्कत आपल्या घरात पोहोचवते, असे वाटू लागते. निसर्ग असा पक्षपात करील काय? मुळीच नाही. दोन्ही अनुभवांच्या मुळाशी एकच नियम आहे. आवाज दूर जाताना क्षीण का होतो, किती होतो आणि केव्हा होत नाही, एवढेच आपल्याला येथे पाहावयाचे आहे.

धक्क्याचा प्रवास

प्रथम आवाज म्हणजे काय ते पाहू. मी बोलतो तेव्हा माझ्या तोंडातली हवा श्रोत्यांच्या कानापर्यंत जात नाही. जात असती, तर वक्त्याने दुपारी काय खाल्ले हेही श्रोत्यांना कळले असते! जातो तो केवळ धक्का. डोंबिवली स्थानकाच्या पुलावर सकाळच्या गर्दीत उभे राहिले म्हणजे हे चांगले समजते. मागून कोणी रेटा दिला की तो एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा थेट पुढच्या पायरीपर्यंत पोहोचतो. रेटा देणारा मात्र आपल्या जागीच असतो. हवेच्या कणांचेही तसेच आहे. कंठातील पडद्यांच्या कंपाने जवळचे कण दाबले जातात, ते पुढच्यांना दाबतात आणि पुन्हा मागे येतात. दाट, विरळ, दाट, विरळ असे थर चहूकडे पसरत जातात. हवेचे तापमान ३० अंश सेल्सियस असेल, तर त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर भरतो.

हा धक्का किती जोराचा असतो? साध्या संभाषणात माणसाच्या मुखातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती ही एका वॅटच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास असते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ठाणे शहराची लोकवस्ती १८ लाखांच्या वर होती. ते सर्व लोक, अगदी तान्ही मुलेसुद्धा, एकाच क्षणी बोलू लागले आणि त्यांची सगळी ध्वनिशक्ती गोळा करता आली, तरी ती १८ वॅट भरेल. घरातले दोन लहान एलईडी दिवे लागावेत, एवढीच! आपले भांडवल मुळात इतके तुटपुंजे आहे. अशा भांडवलावर वक्ता शेकडो लोकांपर्यंत पोहोचू पाहतो.

पोळी लाटण्याचा हिशेब

आता हे भांडवल कसे वाटले जाते ते पाहा. मासुंदा तलावात खडा टाकला की पाण्यावर वर्तुळे पसरतात. आवाजही असाच पसरतो. पण तो केवळ पृष्ठभागावर पसरत नाही, खाली, वर, पुढे, मागे असा सर्व दिशांना पसरतो. म्हणजे वर्तुळाऐवजी फुगत जाणारा गोल डोळ्यांपुढे आणावा. सुरुवातीला असलेली तेवढीच शक्ती या गोलाच्या पृष्ठभागावर वाटली जाते. गोल मोठा झाला की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते.

किती कमी? स्वयंपाकघरातील उदाहरण घेऊ. कणकेचा एक गोळा घेऊन वीतभर व्यासाची पोळी लाटली. आता तोच गोळा दुप्पट व्यासाची होईपर्यंत लाटला, तर पोळीची जाडी निम्मी होईल काय? गृहिणींना ठाऊक आहे की ती त्याहून फार पातळ होते. क्षेत्रफळ चौपट होते म्हणून जाडी एक-चतुर्थांश होते. कणीक कोठे गेली? कोठेच नाही, ती अधिक जागेवर पसरली एवढेच. आवाजाचेही असेच आहे. एका मीटरवर जी तीव्रता असेल, ती दोन मीटरवर एक-चतुर्थांश, तीन मीटरवर एक-नवमांश, दहा मीटरवर शंभरावा हिस्सा आणि शंभर मीटरवर दहा हजारावा हिस्सा राहते. यालाच वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम म्हणतात. दिव्याचा प्रकाशही याच नियमाने अंधुक होत जातो, कारण तोही असाच पसरतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे तिच्यावर आधारलेले आहे. आवाज मुख्यतः मरत नाही, तो वाटला जातो. तेव्हा जेथे तो चहूकडे वाटला जाण्यास अडथळा होईल, तेथे अंतर त्याला क्षीण करू शकणार नाही.

हा नियम शक्तीचा झाला. हवेवर पडणारा दाब मात्र इतक्या झपाट्याने उतरत नाही. अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते, पण दाबातील चढउतार निम्माच होतो. कारण तीव्रता दाबाच्या वर्गावर अवलंबून असते. हा भेद पुस्तकी वाटेल, पण डोंबिवलीकरांनी त्याचा दुःखद प्रत्यय घेतला आहे. २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत भीषण स्फोट झाले. माणसे दगावली, आणि स्फोटाच्या जागेपासून पुष्कळ दूर असलेल्या घरांच्या आणि दुकानांच्याही काचा फुटल्या. स्फोटाची लहर उगमाजवळ साध्या आवाजाहून अधिक वेगाने विरते हे खरे, पण एकदा ती दूर गेली की दाब केवळ अंतराच्या प्रमाणात उतरतो. काचेला फोडतो तो दाब. म्हणूनच धोकादायक कारखाना आणि वस्ती यांमध्ये थोडेसे अंतर ठेवून भागत नाही.

कानाची मोजपट्टी

कोणी म्हणेल, दहा मीटरवर आवाज शंभरावा हिस्सा उरतो हे गणित ठीक. पण दहा मीटरवर बसलेल्या मला तर वक्ता चांगला ऐकू येतो! ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर हवेत नसून आपल्या कानात आहे.

आपला कान शक्तीची बेरीज-वजाबाकी करीत नाही, तो पटी मोजतो. ऐकू येणाऱ्या अत्यंत मंद आवाजापासून कान दुखविणाऱ्या आवाजापर्यंतचा पल्ला एकास एक लाख कोटी एवढा प्रचंड आहे. त्यासाठी साधी फूटपट्टी निरुपयोगी. म्हणून शास्त्रज्ञांनी डेसिबेल हे माप योजले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून ते पडले. त्याचा हिशेब सोपा आहे: तीव्रता दहापट झाली की १० डेसिबेल वाढले, शंभरपट झाली की २०, हजारपट झाली की ३०. तीव्रता दुप्पट झाली तर मात्र वाढतात केवळ ३. आणि आवाज निम्मा झाला असे कानाला वाटण्यासाठी साधारण १० डेसिबेल उतरावे लागतात.

या मापाने आपला नियम असा मांडता येतो: अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबेल कमी, अंतर दहापट झाले की २० डेसिबेल कमी. वक्त्यापासून एका मीटरवर आवाज ६० डेसिबेल असेल, तर मोकळ्या मैदानात दोन मीटरवर ५४, चारवर ४८, आठवर ४२ आणि सोळावर ३६ उरेल. आवाज निम्मा झाला असे वाटण्यासाठी श्रोत्याला सुमारे तिप्पट दूर जावे लागते. म्हणूनच पहिल्या पाच-दहा रांगांपर्यंत कोणाची तक्रार नसते.

मग सोळाव्या मीटरवर तक्रार का सुरू होते? ३६ डेसिबेल म्हणजे काही शून्य नव्हे. निरोगी कानाला तो आवाज स्पष्ट ऐकू यावा. पण मैदानाबाहेरून रिक्षा जात असतात, कोणी खुर्ची सरकवतो, कोणाचे मूल रडते, आणि या सगळ्याची मिळून चाळीस-पन्नास डेसिबेलची गजबज असते. वक्त्याचा आवाज तिच्यात बुडतो. तो संपलेला नसतो, बुडालेला असतो. कानाची कमाल शक्ती धरून नुसत्या पसरण्याचा हिशेब केला, तर संपूर्ण निःशब्द जगात साध्या बोलण्याचा आवाज जवळजवळ ९०० मीटरवरही कानाला जाणवला पाहिजे. आपण दूरचे ऐकू शकत नाही याचे कारण पुष्कळदा अंतर नसून जवळचा गोंगाट असतो.

हवेने घेतलेली पट्टी

आतापर्यंत हवा ही अगदी प्रामाणिक दलाल आहे, मिळाले तेवढे सगळे पुढे पोहोचवते, असे आपण धरून चाललो. वास्तविक ती वाटेत थोडी पट्टी कापून घेते. हवेला किंचित चिकटपणा असतो, त्यामुळे धक्क्याचा काही भाग उष्णतेत जातो. हे गणित स्टोक्स यांनी १८४५ साली मांडले. दाबलेला थर थोडा तापतो, विरळ थर थोडा निवतो, आणि तापलेल्याची उष्णता निवलेल्याकडे वाहते. ही दुसरी गळती किर्कहॉफ यांनी १८६८ साली दाखविली. तिसरी गळती विसाव्या शतकात समजली. प्राणवायूचे व नायट्रोजनचे रेणू आवाजाची काही शक्ती आपल्या अंतर्गत कंपांत अडकवून ठेवतात आणि ती वेळेवर परत करीत नाहीत. हवेतील बाष्पाच्या प्रमाणावर ही उधारी कमीजास्त होते.

या पट्टीचा विशेष असा की ती सर्वांकडून सारखी घेतली जात नाही. ३० अंश तापमानाच्या आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत, म्हणजे आपल्याकडे नेहमी असते तशा हवेत, सेकंदाला १२५ कंपनांचा खर्जातला आवाज एका किलोमीटरमागे जेमतेम ०.३ डेसिबेल गमावतो; १,००० कंपनांचा सुमारे ७; आणि ४,००० कंपनांचा बारीक आवाज तब्बल २३ डेसिबेल गमावतो. थोडक्यात, बारीक आवाज वाटेतच लुबाडला जातो आणि खर्ज सुखरूप पार पडतो.

गुढीपाडव्याच्या सकाळी याची प्रचीती येते. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली नववर्ष स्वागतयात्रा आता ठाण्या-कल्याणातच नव्हे, तर महाराष्ट्रातील अनेक गावी निघते. यात्रा लांब असते तेव्हा प्रथम ऐकू येतो तो ढोलाचा घुमारा. ती जवळ आली म्हणजे ताशाची तडतड उमटू लागते, आणि अगदी नाक्यावर आली की झांजांची किणकिण व माणसांचे शब्द कळतात. वाजविणारे सारे एकदमच वाजवीत असतात. आपल्या कानाशी मात्र ते एकामागून एक दाखल होतात. जवळ पडलेली वीज कडाडते आणि दूरची गुरगुरते, त्याचेही एक कारण हेच. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकाटोआ ज्वालामुखीचा जो महास्फोट झाला, त्याचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरील रॉड्रिग्ज बेटावर तोफांच्या गडगडाटासारखा ऐकू आला होता. तेवढ्या वाटेवर बारीक आवाजाचा मागमूसही उरला नसता.

पहाटेचा भोंगा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्याला आली, तेव्हापासून या भागाच्या कानाला गाडीची सवय आहे. रुळांपासून बरेच लांब राहणाऱ्यांचा एक अनुभव असा की दिवसभर गाडीचा भोंगा ऐकू येत नाही, पण पहाटे तो उशाशी वाजल्यासारखा येतो. शहर झोपलेले असते, आवाज बुडविणारा गोंगाट नसतो, हे त्याचे एक कारण आपण पाहिलेच. दुसरे कारण अधिक मनोरंजक आहे.

ऊन हवेत आवाज अधिक वेगाने जातो. एका अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. दुपारी जमीन तापलेली असते, म्हणून जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड असते. आवाजाचा खालचा भाग पुढे धावतो, वरचा मागे रेंगाळतो, आणि संपूर्ण लहर आकाशाकडे वळते. पलटणीच्या रांगेतील एका टोकाचे शिपाई भरभर आणि दुसऱ्या टोकाचे सावकाश चालू लागले, तर रांग जशी सावकाश चालणाऱ्यांच्या बाजूला वळेल, तसाच हा प्रकार. आवाज आपल्या डोक्यावरून निघून जातो आणि आपण त्याच्या सावलीत राहतो. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होते, वर उबदार थर राहतो. आता वळण उलटे. वर निघालेला आवाज पुन्हा जमिनीकडे येतो. जे आकाशात वाया गेले असते, ते आपल्या पदरात पडते.

वाराही असेच करतो. जमिनीलगत वारा मंद आणि वर जोराचा असतो, म्हणून वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वाकतो आणि वाऱ्याविरुद्ध जाणारा वर. "वाऱ्यावर आवाज वाहून गेला" असे आपण म्हणतो, पण आवाजाच्या वेगापुढे साध्या वाऱ्याचा वेग क्षुल्लक आहे. तो आवाजाला वाहून नेत नाही, त्याची वाट वाकवतो.

खाडीकाठी राहणाऱ्यांना याचा आणखी एक नमुना माहीत असेल. कल्याणला दुर्गाडीखाली किंवा ठाण्याच्या खाडीवर, पलीकडच्या तीरावरचे बोलणे कधी कधी चकित करण्याइतके स्वच्छ येते. दिवसा पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असली की आवाज खाली वाकतो; आणि पाण्याचा सपाट पृष्ठभाग त्याला गवत-मातीसारखा गिळून न टाकता परत उसळवतो.

जेथे आवाजाला पसरता येत नाही

आता आपल्या मूळ सूत्राकडे वळू. आवाज पसरतो म्हणून क्षीण होतो. मग त्याला पसरूच दिले नाही तर?

ठाणे आणि दिवा यांच्यामधला पारसिकचा बोगदा १९१६ साली खुला झाला. त्याची लांबी सुमारे तेराशे मीटर. जलद गाडीने त्यातून प्रवास केलेल्यांना आठवत असेल की बोगद्यात शिरताच शेजाऱ्याशी बोलणे अशक्य होई. गाडीचा आवाज काही वाढलेला नसे. बाहेर जो मोकळ्या रानात पसरून जाई, तो आत भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा डब्यात येई. डॉक्टरांच्या स्टेथॉस्कोपच्या नळीतही हीच युक्ती आहे. विजापूरच्या गोलघुमटात एका बाजूला भिंतीशी केलेली कुजबूज सुमारे ३८ मीटर दूर असलेल्या समोरच्या बाजूला ऐकू येते. लंडनच्या सेंट पॉल चर्चमधील अशाच घुमटाचा अभ्यास करून लॉर्ड रॅले यांनी दाखविले की तेथे आवाज सर्वत्र न पसरता गोल भिंतीला बिलगून जातो. बंदिस्त नाट्यगृहात मागच्या रांगेला मैदानापेक्षा चांगले ऐकू येते तेही भिंतींच्या आणि छताच्या कृपेनेच.

तसेच, आवाजाचे उगमस्थान एक बिंदू नसून लांब रेघ असेल तर काय होईल? घोडबंदर रस्त्यावर वाहनांची अखंड रांग चाललेली असते. या रांगेचा आवाज गोलासारखा फुगत नाही, लांब नळकांड्यासारखा फुगतो. अंतर दुप्पट झाले तर पृष्ठभाग चौपट न होता दुप्पटच होतो, आणि आवाज ६ ऐवजी ३ डेसिबेलच उतरतो. रस्त्यापासून दहा मीटरवरचे घर सोडून शंभर मीटरवर बिऱ्हाड केले, तर मध्ये काही आडोसा नसल्यास २० नव्हे, सुमारे १० डेसिबेलांचाच लाभ पदरी पडतो. बारा डब्यांच्या, अडीचशे मीटरांहून लांब असलेल्या लोकलगाडीचेही तिच्या जवळपास असेच असते.

शंभर मीटरांची भिंत

हे सर्व विवेचन केवळ जिज्ञासेपोटी नाही. भारत सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाविषयी नियम केले. त्यांत रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचा शांतता विभाग कल्पिला आहे. तेथील मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबेल. निवासी भागात ती अनुक्रमे ५५ आणि ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने नियम कडकपणे पाळले जावेत असे आदेश दिले. पुढच्याच वर्षी नियमांत दुरुस्ती होऊन, राज्य सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज कोणतीही जागा शांतता विभाग मानली जाऊ नये असे ठरले. न्यायाची बाजू न्यायाधीशांनी पाहावी. आपण शंभर मीटर म्हणजे किती, याचा पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने विचार करू.

मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या पेट्या रचलेल्या असतात. एका मीटरवर त्यांचा आवाज ११० डेसिबेल आहे असे धरू. आपल्या नियमाप्रमाणे दहा मीटरवर तो ९० होईल, आणि शंभर मीटरवर, म्हणजे रुग्णालयाच्या फाटकाशी, ७०. दिवसाची मर्यादा ५०. उरलेले २० डेसिबेल केवळ अंतराने उतरवायचे तर पेट्या एक किलोमीटर दूर न्याव्या लागतील. हा हिशेब मोकळ्या मैदानाचा. दाट इमारती मध्ये असल्या तर आवाज अडेल. पण तीच मिरवणूक रुग्णालयाकडे जाणाऱ्या, दोन्ही बाजूंना उंच घरे असलेल्या चिंचोळ्या रस्त्यावर असली, तर तो रस्ता आवाजाला पारसिकच्या बोगद्यासारखा होतो आणि आवाज शंभर मीटरवर ७० हूनही अधिक राहतो.

मंडळाचे कार्यकर्ते विनंतीला मान देतात आणि चारपैकी दोन पेट्या बंद करतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण त्याने उतरतात ते ३ डेसिबेल, आणि ते कानाला जेमतेम समजतात. २० डेसिबेल उतरवायचे तर शक्ती शंभरावा हिस्सा करावी लागते. त्यासाठी पेट्या मोजून भागत नाही, कळच फिरवावी लागते. दुसरी अडचण खर्जाची. तो वाटेत गळत नाही, भिंतींनीही पुरता अडत नाही. शिवाय नियमांतले डेसिबेल ज्या पद्धतीने मोजतात, तिच्यात माणसाच्या कानाला अनुसरून खर्जाला कमी वजन दिलेले असते. ६३ कंपनांच्या ठोक्याचे सुमारे २६ डेसिबेल वजाच केले जातात. म्हणून यंत्र मर्यादेत असल्याचे सांगते आणि खाटेवरच्या रुग्णाच्या छातीत मात्र ठोके बसत राहतात.

शंभर मीटर हे अंतर अगदीच निरर्थक नाही. त्याने चाळीस डेसिबेल कमी होतात, म्हणजे तीव्रता दहा हजारावा हिस्सा होते. साध्या ढोलकीला, भजनाला किंवा उघड्या गळ्याच्या वक्त्याला ते पुरेसे आहे. शंभर मीटर ही मानवी कंठाच्या आणि हाताच्या आवाजाला पुरणारी भिंत आहे. विजेने हजारोपट वाढविलेल्या आवाजाला ती पुरत नाही. त्याला उगमापाशीच आवरले पाहिजे. उगमापाशी उतरविलेले प्रत्येक डेसिबेल गल्लीतल्या प्रत्येक खिडकीशी तितकेच उतरते. अंतर मात्र सर्वांना सारखे मिळत नाही.

शेवटी पुन्हा त्या मागच्या रांगेकडे. ऐकू येत नसेल तर कळ फिरवावी, हा आपला नेहमीचा उपाय. पण सोळा मीटरवर बसलेला श्रोता उठून आठ मीटरवर आला, तर त्याला मिळणारा आवाज चौपट तीव्र होतो; व्यासपीठावर चार वक्ते एकाच वेळी एकच वाक्य बोलल्यासारखे. वक्त्याचा घसा नाही दुखत, वीज नाही लागत, आणि शेजारच्या घरात अभ्यास करणाऱ्या मुलालाही उपद्रव होत नाही. आपल्या सभांतून पुढच्या दोन-चार रांगा बहुधा रिकाम्या असतात. तेव्हा मागच्या मंडळींना माझी विनंती आहे की, ध्वनिक्षेपक वाढविण्यास सांगण्यापूर्वी त्यांनी आधी पुढे येऊन बसावे.